रोस्ट्रम : बोलणाऱ्याच्या पायाखालच्या जागेला 'चोच' का म्हणतात?

आरस्पानी
इंग्रजीत भाषणाच्या जागेसाठी रोस्ट्रम, पोडियम, डायस, लेक्टर्न असे शब्द येतात आणि मराठीत आपण त्या सगळ्यांवर 'व्यासपीठ' हा एकच शब्द टाकून मोकळे होतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या बातम्यांत नेते 'रोस्ट्रम'वरून बोलतात, लिलावाच्या बातमीत हातोडा घेतलेला माणूस 'रोस्ट्रम'वर असतो. शब्दकोश उघडला तर पहिला अर्थ व्यासपीठ आणि दुसरा अर्थ पक्ष्याची चोच, डॉल्फिनचं तोंड, किड्याची सोंड. हे दोन्ही अर्थ एका शब्दात कसे आले? आणि अनेकवचन रोस्ट्रम्स की रोस्ट्रा? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

प्राचीन
उलट क्रमाने घ्या, म्हणजे लगेच उलगडेल. चोच हा मूळ अर्थ, व्यासपीठ हा नंतर चिकटलेला.

लॅटिनमध्ये रोस्ट्रम म्हणजे चोच किंवा मुस्कट: पक्ष्याचं, डुकराचं, कोणाचंही पुढे आलेलं तोंड. युद्धनौकेच्या पुढच्या टोकाला, पाण्याच्या पातळीवर, शत्रूच्या जहाजाला धडक मारायला जो धातूचा ठोसा बसवलेला असे, त्यालाही दिसण्यावरून तेच नाव मिळालं. इथवर सगळं साधं आहे. व्यासपीठाचा संबंध येतो तो इ.स.पू. 338 मध्ये.

रोमच्या दक्षिणेला समुद्रकाठी अँटियम नावाचं शहर होतं, आजचं अँझिओ. लॅटिन युद्धाच्या अखेरीस कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, गायस मेनियस याने ते जिंकलं. त्यांच्या जहाजांचं काय करायचं हे ठरलं तेव्हा काही जहाजं रोमच्या गोदीत ओढून घेतली, बाकीची जाळली. जाळलेल्या जहाजांच्या चोची मात्र काढून घेतल्या आणि फोरम या रोमच्या मुख्य चौकातल्या भाषणाच्या ओट्याच्या दर्शनी भिंतीवर ठोकल्या. लिव्ही हा इतिहासकार हे सांगताना ओट्यासाठी 'सुजेस्टम' हा शब्द वापरतो. सुजेस्टम म्हणजे भर घालून उंच केलेली जागा. म्हणजे ओट्याला आधीपासून स्वतःचं नाव होतं. चोची लागल्यावर लोक त्या जागेला 'रोस्ट्रा' म्हणजे 'चोची' म्हणू लागले आणि जुनं नाव मागे पडलं.

फ्लोरस हा लेखक चोचींच्या जहाजांची संख्या जेमतेम सहा सांगतो, आणि त्या काळात तेवढ्यालाच आरमारी युद्ध म्हणत, असंही जोडतो. रोम तेव्हा समुद्रावरची सत्ता नव्हतंच. म्हणून तर सहा चोचींचं इतकं अप्रूप.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, ही एका माणसापुरती चौकट नव्हती. रोस्ट्रा हा लांबरुंद चौथरा होता. वक्ता त्यावर येरझाऱ्या घालू शके, सोबत इतर अधिकारी असत, आणि मारल्या गेलेल्या राजदूतांचे पुतळेही तिथे उभे केलेले होते. दुसरी, शकुन पाहणाऱ्या पुरोहितांनी विधिपूर्वक आखून दिलेली ती जागा होती. लिव्ही तिला 'टेंप्लम' म्हणतो. इमारत या अर्थी देऊळ नव्हे, तर विधीने वेगळी काढलेली भूमी.

दर्यावर्दी
चोच म्हटल्यावर टोकदार भाला डोळ्यांसमोर येतो, तसं ते नव्हतं. 1980 मध्ये इस्रायलमधल्या हैफाजवळ अथलीतच्या किनाऱ्यालगत एक अख्खी चोच सापडली. लांबी 2.26 मीटर, वजन 465 किलो, एकसंध ओतलेलं कांसं. आत नाळेचं लाकूड तसंच शाबूत होतं, एकमेकांत अडकवलेले सोळा लाकडी भाग.

(कोळीबांधव बोटीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात, तोच शब्द वापरतो.)

तिचं तोंड बोथट आहे. पुढून पाहिलं तर मधे एक उभी कणी आणि तिला दोन्ही बाजूंनी आडव्या तीन-तीन पाती. हे मुद्दाम केलेलं आहे. टोकदार चोच फळीत भोक पाडते आणि तिथेच रुतते. मग हल्ला करणारं जहाज शत्रूच्या जहाजाला अडकून बसतं, ते बुडू लागलं की यालाही खाली ओढतं, किंवा शत्रूचे सैनिक उडी मारून यावर चढतात. आडव्या पात्यांचा दणका फळ्यांच्या सांध्यांवर पसरतो. सांधे उसवतात, फळ्या चिरत जातात, पाणी आत येतं, आणि धडक मारणाऱ्याला लगेच उलटी वल्ही मारून मागे निघता येतं. धडकेपेक्षा हे मागे निघणं अवघड. वल्हेकऱ्यांनी क्षणभर उशीर केला तरी डाव उलटे.

दुसरा धोका स्वतःच्याच जहाजाला. ४६५ किलोचा ठोसा नुसता नाळेवर खिळ्यांनी बसवला तर पहिल्याच धडकेत नाळ मागे ढकलली जाऊन स्वतःची तळफळी फुटेल. म्हणून चोच ही नुसती टोपीसारखी बाहेरून चढवलेली नसून, आतलं लाकूड आणि कांस्य एकमेकांच्या मापाने बसवलेलं असे. जहाजाच्या दोन्ही कडांनी लांबवर धावणारे जाड पट्टे आणि तळाच्या फळ्या पुढे येऊन चोचीत मिळत, म्हणजे धक्का पूर्ण सांगाड्यावर वाटला जाई.

सिसिलीच्या पश्चिमेला एगादी बेटांजवळ, रोम आणि कार्थेज यांच्या इ.स.पू. 241 च्या लढाईच्या जागी समुद्रतळावरून अशा वीसहून जास्त चोची वर काढल्या आहेत. त्या अथलीतपेक्षा बऱ्याच लहान. त्यांतल्या काहींवर लॅटिन अक्षरं आहेत : अमुक क्वेस्टरने (रोमचा खजिन्याचा अधिकारी) 'प्रोबावेट', म्हणजे तपासून पसंत केलं. सरकारी खरेदीचा शिक्का, तोही ओतकामातच उमटवलेला. निदान एका चोचीवर कार्थेजच्या लिपीत देवाची प्रार्थना आहे. दोन्ही बाजूंची हत्यारं एकाच तळावर पडून होती.

मधुरा_न
एक शंका. 'रोस्ट्रम' हे 'राष्ट्रम्'वरून आलं असं एका व्हॉट्सॅप संदेशात वाचलं. राष्ट्राला उद्देशून बोलण्याची जागा म्हणून रोस्ट्रम. उच्चार इतका जवळ आहे की अगदीच टाकाऊ वाटत नाही. यात तथ्य किती?

धातुपाठ
मधुराताई, व्युत्पत्ती चूक आहे, पण उच्चार जुळतो तो निव्वळ योगायोगाने नाही. शेपूट एकच आहे, धड वेगळं.

राष्ट्र = राज् (सत्ता चालवणे) + त्र. संस्कृतात राज्सारख्या काही धातूंच्या ज् पुढे त आला की ष्ट होतं.
रोस्ट्रम = रोड् (कुरतडणे) + त्रुम. लॅटिनमध्ये द/ड पुढे 'त्र' आला की 'स्त्र' होतं.

लॅटिनचा नियम पडताळून पाहायला आणखी दोन शब्द घ्या. राडेरे म्हणजे खरवडणे, त्यावरून रास्ट्रुम, म्हणजे दाताळं. क्लाउडेरे म्हणजे बंद करणे, त्यावरून क्लाउस्ट्रुम, म्हणजे अडसर, कुलूपबंद जागा. क्लॉस्ट्रोफोबियातलं 'क्लॉस्ट्रो' हेच. तिन्हींत धातूचा शेवट दंत्य, तिन्हींत मधे 'स्' उगवला. रोडेरेच्या घरातले इतर शब्द तुमच्या ओळखीचे आहेत : रोडंट म्हणजे कुरतडणारा प्राणी, इरोजन म्हणजे झीज.

हा 'त्रुम' आणि संस्कृत 'त्र' सख्खे भाऊ. दोन्हींचं मुख्य काम एकच, ज्याने क्रिया होते ते साधन सांगणं. नेत्र (ज्याने नेलं जातं), शस्त्र, दात्र (कापायचं साधन, विळा), खनित्र (खणायचं). म्हणून रोस्ट्रमचा अवयवार्थ 'कुरतडायचं साधन'.

याला अगदी तंतोतंत जोड संस्कृतात आहे : दंष्ट्रा. दंश् (चावणे) + त्र. पाणिनीच्या 3.2.182 या सूत्रात हे धातू एका माळेत ओवलेले आहेत : दाम्नीशसयुयुजस्तुतुदसिसिचमिहपतदशनहः करणे. त्यातला शेवटून दुसरा 'दश', तीच दंष्ट्रा. 'करणे' म्हणजे साधन या अर्थी. रोमन माणसाने कुरतडण्याच्या साधनाला रोस्ट्रम म्हटलं, आपल्याकडे चावण्याच्या साधनाला दंष्ट्रा म्हटलं. घडण एकच.

धातूंबद्दल म्हणाल तर लॅटिन रोडेरे, राडेरे यांची सांगड अभ्यासक संस्कृत रद् या धातूशी घालतात. रद म्हणजे दात. गणपतीचं एकरद, हत्तीचं द्विरद.

संदेशातली गोष्ट मुळात काळाच्या कसोटीवरही टिकत नाही. 'बोलण्याची जागा' हा अर्थ इ.स.पू. 338 नंतर, एका ठरावीक घटनेमुळे आला. त्याआधी लॅटिन भाषक तोच शब्द डुकराच्या मुस्कटाला वापरत होते. व्युत्पत्ती तपासताना ही पायरी कधी चुकवू नये : शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ कोणता, आणि सुचवलेलं मूळ त्या अर्थाला लागू पडतं का. आजच्या अर्थावरून मागे उडी मारली की हमखास फसगत.

आरस्पानी
फार सुंदर. याच ओघात रोस्टर, रूस्टर हेही तपासून टाकू का? कामाच्या पाळ्यांचं रोस्टर.

धातुपाठ
संबंध नाही. रोस्टर डचमधून आलं. तिकडे रोस्टर म्हणजे भाजायची जाळी. कागदावर आडव्याउभ्या रेघा मारलेला तक्ता जाळीसारखा दिसतो, म्हणून. रूस्टर म्हणजे कोंबडा, तो रूस्टपासून, पक्ष्यांची रात्री बसायची दांडी. चोच असलेला पक्षी असला तरी रोस्ट्रमशी नातं नाही.

प्राचीन
अनेकवचनाचा प्रश्न राहिला होता. लॅटिनमध्ये चोच एक असेल तर रोस्ट्रम, अनेक असतील तर रोस्ट्रा. भाषणाची जागा मात्र नेहमी रोस्ट्राच, कारण भिंतीवर चोची अनेक. एकाच ओट्याला अनेकवचनी नाव. इंग्रजीने सोळाव्या शतकात शब्द उचलला तो रोमच्या त्या जागेसाठी. पुढे कुठल्याही व्यासपीठाला तो लागू झाला तेव्हा एका ओट्यासाठी एकवचन हवं, म्हणून रोस्ट्रम रूढ झालं. आज इंग्रजीत रोस्ट्रम्स आणि रोस्ट्रा दोन्ही चालतात. 'द रोस्ट्रा' असं लिहिलं असेल तर मात्र रोमचाच ओटा समजावा. मराठीत 'रोस्ट्रम' दोन्ही वचनांत तसंच ठेवावं, 'रोस्ट्रमं' करू नये.

आता जागेबद्दल थोडं, कारण या ओट्याने राजकारण घडताना पाहिलं आहे.

जुना रोस्ट्रा सिनेटच्या इमारतीपुढे होता. एका बाजूला कोमिटियम, म्हणजे सभेची आखीव छोटी जागा, दुसऱ्या बाजूला फोरमचं मोठं पटांगण. वक्ते कोमिटियमकडे, म्हणजे सिनेटच्या बाजूला तोंड करून बोलत. इ.स.पू. 145 मध्ये गायस लिसिनियस क्रॅसस या ट्रिब्यूनने (सामान्य लोकांचा निवडलेला प्रतिनिधी) पाठ फिरवली आणि फोरमकडे तोंड करून लोकांशी बोलायला सुरुवात केली. पुढच्या शतकातला वक्ता सिसेरो याने हे नोंदवलं आहे. चरित्रकार प्लूटार्क याचं श्रेय नंतरचा ट्रिब्यून गायस ग्रॅकस याला देतो. सिसेरो काळाने जवळचा, म्हणून मला त्याचं म्हणणं जास्त पटतं. ओटा तोच, शब्द तेच, फक्त वक्त्याने अर्धी गिरकी घेतली आणि सत्ता कुणाकडे आहे हे सगळ्या शहराला दिसलं.

त्याच सिसेरोचं डोकं आणि हात इ.स.पू. 43 मध्ये त्याचा राजकीय शत्रू मार्क अँटनी याच्या हुकमाने याच ओट्यावर टांगले. अँटनीविरुद्धची भाषणं ज्या हाताने लिहिली, ते हात.

तोवर ओटा हललेला होता. जूलियस सीझरने इ.स.पू. 44 मध्ये तो फोरमच्या पश्चिम टोकाला नेला आणि ऑगस्टसने पूर्ण केला. आज रोममध्ये जे अवशेष दिसतात ते याचे : लांबी सुमारे 24 मीटर, उंची साडेतीन मीटरच्या आसपास. चढायची सोय मागून, म्हणजे लोकांना पायऱ्या दिसत नाहीत, वक्ता एकदम वर प्रकट होतो. दर्शनी दगडांत चोची बसवायची भोकं आजही आहेत. फोरमच्या दुसऱ्या टोकाला, देवत्व दिलेल्या सीझरच्या देवळापुढे, इ.स.पू. 29 मध्ये दुसरा रोस्ट्रा झाला. त्यावर ॲक्टियमच्या लढाईत (इ.स.पू. 31) जिंकलेल्या चोची होत्या. एका टोकाला अँटियम, समोर ॲक्टियम.

चोची लावलेले खांबही उभारले जात. पहिला गाजलेला खांब ड्युइलियस या रोमन सेनानीचा, इ.स.पू. 260 च्या मायलीच्या आरमारी विजयाचा. सेंट पीटर्सबर्गचे दोन लाल स्तंभ आणि न्यूयॉर्कमधला कोलंबसचा 1892 चा स्तंभ पाहा, दोन्हींवर जहाजांची तोंडं बाहेर आलेली दिसतील. ती नुसती नक्षी नाही, हा तोच जुना रोस्ट्रम.

दर्यावर्दी
पक्ष्याचं नाव जहाजाला देण्याची खोड फक्त रोमनांची नाही. आंग्र्यांच्या आरमारातलं गुराब हे मूळ अरबी 'घुराब', म्हणजे डोमकावळा. गुराबेची नाळ लांब, पुढे झेपावलेली. मात्र ती धडक मारायला नव्हती. मोठ्या तोफा पुढच्या बाजूला ठेवून नाळेवरून मारा करायची पद्धत होती. 

मधुरा_न
राष्ट्रम्चा निकाल लागला, आभार. आता व्यवहाराचं सांगा. कार्यक्रमपत्रिका इंग्रजीत करायची झाली तर कुठला शब्द कुठे?

नेपथ्य
माणूस कशावर उभा आहे आणि कशाच्या मागे उभा आहे, एवढं पाहिलं की पुरे.

पाहुणे ओळीने बसतात तो लांब मंच म्हणजे डायस. शब्द लॅटिन डिस्कसपासून, फ्रेंचमधून आला. आधी उंचावरचं जेवणाचं टेबल, मग ते टेबल ज्यावर ठेवायचं तो मंच. डिश आणि डेस्क हीही त्याचीच भावंडं. एकट्याने उभं राहायची ठेंगणी बैठक म्हणजे पोडियम. ग्रीक 'पोदिऑन', छोटा पाय. आपलं पद, पाद तेच. ऑर्केस्ट्राचा संचालक किंवा पदकविजेते उभे राहतात ते पोडियम. खेळांत ते पहिल्यांदा 1930 च्या हॅमिल्टनच्या ब्रिटिश एम्पायर स्पर्धेत आणि मग 1932 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये वापरलं गेलं. कागद ठेवायचं उतरतं मेज म्हणजे लेक्टर्न, लॅटिन लेजेरे म्हणजे वाचणे यापासून. भारतात, आणि अमेरिकेतही, लेक्टर्नला सर्रास पोडियम म्हणतात. बोलण्यात खुशाल चालू दे, मंडपवाल्याला मागणी देताना मात्र चालवू नका. 'पोडियम पाठवा' म्हटलं की कधी मेज येतं, कधी नुसता एक फुटाचा पाट. 'माईकचं उभं मेज' आणि 'पाट' असं सांगा, सोबत माप द्या.

रोस्ट्रम या सगळ्यांत ढोबळ आणि भारदस्त. विधिमंडळ, आमसभा, लिलाव अशा औपचारिक जागी शोभतो. शाळेच्या स्नेहसंमेलनाला डायस पुरे.

ब्रिटिश नाट्यव्यवसायात मात्र रोस्ट्रमला नेमका अर्थ आहे : रंगमंचावर उंची करायला ठेवतात तो सुटा चौथरा. आपल्या मराठी नाटकवाल्यांची 'लेव्हल'. नेहमीचं माप 8 फूट बाय 4 फूट, कारण प्लायवूडचा अख्खा तक्ता त्याच मापाचा, कापाकापी वाचते. वरचा तक्ता 18 मिमी, खाली घडी होणारी चौकट, तक्ता उचलला की चौकट मिटते आणि टेंपोत सपाट बसते. भाषणाच्या मंचासाठी अशा लेव्हल जोडताना काय बिघडतं ते सांगतो.

घडीची चौकट पूर्ण काटकोनात उघडलेली नसेल तर तक्ता बसल्यासारखा वाटतो, पण वजन आलं की तिरका सरकतो. तक्ता ठेवायच्या आधी कर्णरेषा दोन्हीकडून मोजा, सारख्या आल्या तरच पुढे. शेजारच्या दोन लेव्हल बोल्टने किंवा क्लॅम्पने आवळा. नुसत्या चिकटवून ठेवल्या की अर्ध्या कार्यक्रमात मधे फट पडते आणि वरचा गालिचा ती झाकतो, म्हणजे खुर्चीचा पाय नेमका तिथेच जातो. उंची दोन फुटांच्या वर गेली की पायांना तिरके आधार हवेतच. भाराची खात्री करताना चौरस मीटरला 500 किलो हा आकडा धरतात. पाहुणे फोटोसाठी एकाच कडेला गोळा होतात, म्हणून सरासरी काढून भागत नाही. पोकळ चौथरा ढोलासारखा वाजतो आणि प्रत्येक पाऊल माईकमधून ऐकू येतं. तक्ता आणि चौकट यांच्यामध्ये फेल्टची पट्टी, वर जाड कार्पेट, आणि माईकचा स्टँड शक्यतो लेव्हलवर न ठेवता मेजाला रबराच्या बुडाने बसवलेला. पायऱ्या 6 ते 7 इंचांच्या, सगळ्या एकसारख्या. एकच पायरी अर्ध्या इंचाने चुकली तरी ठेच तिथेच लागते.

मेजाची उंची 42 ते 46 इंच. बुटक्या वक्त्यासाठी मेज कापत बसू नका, मागे चार-सहा इंचांचा पाट ठेवा, पण तो मेजाइतकाच नव्हे तर त्याहून चांगला रुंद असू द्या, नाहीतर मागे पाऊल टाकताना माणूस पडतो. स्पीकरची खोकी माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून. मागे ठेवलीत की शिट्टी ठरलेली.

सूक्ष्मदर्शी
प्राणिशास्त्रातला रोस्ट्रम तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. कोळंबीच्या डोक्यावरून दोन डोळ्यांच्या मधून पुढे आलेला करवतीसारखा काटा म्हणजे रोस्ट्रम. सोलताना बोटात घुसतो तो. जात ओळखायला त्यावरचे दात मोजतात, वरचे आणि खालचे वेगळे. टायगर कोळंबीला साधारण वर 7 आणि खाली 3. मेटापेनियस या वर्गातल्या कोळंब्यांना फक्त वरच दात, खालची कड गुळगुळीत. म्हणजे खालच्या कडेवरून नख फिरवलं की निम्मी ओळख पटते. अडचण अशी की पाटीत, बर्फात टोक मोडतं. मोडलेल्या काट्यावरची मोजदाद धरू नये, अखंड नग शोधावा.

करवत माशाची करवत हीदेखील रोस्ट्रमच. तिच्या कडेचे 'दात' खरे दात नसून बदललेले खवले आहेत. हा मासा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. जुन्या घरांत शोभेला टांगलेली करवत विकणं किंवा विकत घेणं, दोन्ही गुन्हा.

आरस्पानी
सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रीकांचं काय होतं? त्यांच्याकडेही जाहीर भाषणं होतीच की.

धातुपाठ
त्यांचा 'बीमा', अर्थ पाऊल, पायरी. अथेन्समध्ये प्निक्स टेकडीवर कातळातच कोरलेला आहे, आजही पाहता येतो. धातू 'जाणे' या अर्थाचा, संस्कृत गा, ज्याचं भूतकाळी रूप अगात्. ग्रीकांनी चढण्याच्या क्रियेवरून नाव दिलं, इंग्रजांचं लेक्टर्न वाचण्यावरून, आपलं व्यासपीठ बसणाऱ्यावरून : पुराण सांगणाऱ्याने व्यासाच्या जागी बसायचं ते आसन. लुटीवरून नाव पडलेला या सगळ्यांत रोस्ट्रा एकटाच.